मिलिंदचं माप

जालना जिल्ह्यातल्या आमच्या टेंभुर्णीला गेलो की आजही कुणी ना कुणी बंद पडलेला मोबाईल घेऊन दारात उभं असतं. "उत्तमभाऊ, जरा बघा बरं, चार्जिंगच घेऊन न्हाई राह्यला." मी पिनेच्या भोकातला कचरा टाचणीनं काढतो आणि बहुतेक वेळा मोबाईल चालू होतो. गावात माझी जी काही विद्वान म्हणून ख्याती आहे, ती या टाचणीवर उभी आहे. खऱ्या कामाबद्दल कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर सांगताना माझीच पंचाईत होते.

मी कर्नलवर काम करतो. आईनं हा शब्द पाठ करून ठेवला आहे. शेजारच्या काशीकाकूंनी एकदा तिला विचारलं, "पोरगा कुठं असतो आता?" आई ऐटीत म्हणाली, "कर्नलमधी."

"मिल्ट्रीत गेला का मंग?"

"न्हाई वो, कम्प्युटरच्या कर्नलमधी."

"तेच की. आता मिल्ट्रीतबी कम्प्युटर आलेत."

तेव्हापासून अर्ध्या गावात मी फौजी आहे. दोन-तीन म्हातारी माणसं मला अजून सीमेवरची खबर विचारतात.

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या कामाचं चार माणसांना कळेल असं वर्णन आपल्या भाषेत कधीतरी करावं असं मनात होतं. आता करतो आहे, पण ज्या कारणासाठी करतो आहे ते सुखाचं नाही.

तर कर्नल म्हणजे काय? तुमच्या मोबाईलमध्ये, बँकेच्या यंत्रात, दवाखान्यातल्या मशीनमध्ये अगदी तळाशी एक प्रोग्राम असतो. वरचे सगळे प्रोग्राम त्याला विचारून चालतात. तो दिसत नाही आणि त्याचं नावही कुणाला माहीत नसतं. जो कर्नल आम्ही वापरतो तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरातली हजारो माणसं तो मिळून लिहितात. कुणीही बदल सुचवावा, तो ईमेलनं पाठवावा, त्या त्या भागाची देखरेख करणाऱ्यानं तो तपासून मंजूर करावा, अशी रीत आहे. अशा बदलाला आम्ही पॅच म्हणतो. ठिगळच.

या कर्नलला अधूनमधून माणसानं लिहिलेली अक्षरं वाचावी लागतात. तुम्ही 'बारा' हा आकडा टाइप केला, तर त्याला दिसतात फक्त दोन चिन्हं, एक आणि दोन. वर तुम्ही एंटर दाबलेलं असतं, त्याचंही एक न दिसणारं चिन्ह मागे शेपटीसारखं लागलेलं असतं. त्यातून बारा ही संख्या काढणं, किंवा 'ऑन' या अक्षरांतून 'चालू कर' एवढा अर्थ काढणं, हे ऐकायला पोरखेळ वाटतं. पण शेपटी विसरली, एखादी मोकळी जागा मध्ये आली, की भलतंच होऊन बसतं. म्हणून फार वर्षांपूर्वी जाणत्या माणसांनी अशा वाचनासाठी काही छोटी फंक्शनं, म्हणजे एकेक ठरलेलं काम करणाऱ्या मोजक्या ओळी, लिहून ठेवली आहेत. त्यांना हेल्पर म्हणतात. नव्या माणसानं ते वापरावेत, स्वतःचे लिहू नयेत, एवढीच अपेक्षा असते. आणि प्रत्येक नवा माणूस स्वतःचेच लिहितो.

मीही लिहिला. लहानपणापासून वडिलांची शिकवण होती की दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. मागायचं नाही. लागेल ते आपलं आपण करायचं. माझ्या पहिल्या पॅचमध्ये मी संख्या वाचणारं माझं स्वतःचं फंक्शन मोठ्या मेहनतीनं लिहिलं आणि पाठवून दिलं. परदेशातून एका ओळीचं उत्तर आलं. त्याचा अर्थ मी असा लावला: 'हे आमच्याकडे आधीच आहे.'

मला ते फार लागलं. वाटलं, दारातून हाकललं. ते उत्तर मी मिलिंदला दाखवलं.

मिलिंद भोकरदनचा. जालन्याला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो आणि पुढे पुण्यात एकाच छोट्या कंपनीत लागलो. त्याचे वडील भोकरदनच्या बाजारात मापाडी होते, म्हणजे शेतकऱ्यानं आणलेला माल वजन करून देणारे. त्याच्या आईची एक शिस्त होती. काहीही हवं असलं की ती म्हणायची, "आधी घरात बघ, मंग दुकानात जा." मिलिंदनं ती जशीच्या तशी उचलली होती. खोलीवर राहायला आल्यावर मी दुसरं ताट विकत आणायला निघालो, तर यानं अडवलं.

"कशाला? माझं हाय की. माझ्या मायनं मोठं दिलंय."

"अरे, दोघांना?"

"तू तिकडून जेव, मी इकडून जेवतो. मधल्या वरणाचं आपण लढून ठरवू."

कॉलेजात आणि पुढं पुण्यातही आम्ही त्या एका ताटात जेवलो. एकदा माझे वडील न सांगता आले आणि आम्हाला तसं जेवताना त्यांनी पाहिलं. आमच्या गावात तेव्हा ही गोष्ट साधी नव्हती. ते थोडा वेळ दारातच उभे राहिले, मग पिशवीतलं भाकरीचं गाठोडं सोडून त्यांनी ते ताटाच्या बरोबर मधोमध ठेवलं.

तर मिलिंदनं ते परदेशी उत्तर वाचलं आणि तो हसायला लागला.

"यात रडण्यासारखं काय हाय?"

"वाच की. म्हणतो, आमच्याकडे आहे."

"येड्या, इंग्रजीत 'आम्ही' अन् 'आपण' एकच शब्द हाय. तू 'आमच्याकडं' वाचलं. मी 'आपल्याकडं' वाचतो. 'हे आपल्याकडं हाय, उत्तमराव, उगं कशाला राबता?' बघ आता कसं वाटतं."

मी पुन्हा वाचलं. ओळ तीच होती. पण त्या शब्दात या खेपेला मीही बसलेला होतो. जगातल्या कुठल्यातरी कोपऱ्यातला तो माणूस मला आपल्यात धरून बोलत होता. आजवर या कामात मला जे काही मिळालं, ते त्या एका वाचनामुळं मिळालं असं मी मानतो. नाहीतर त्याच दिवशी मी हे सोडून दिलं असतं.

आता ज्या फंक्शनसाठी हे लिहितो आहे त्याकडे येतो.

आमच्या कंपनीनं एक डबा तयार केला होता. लोखंडाच्या कारखान्यात भट्टीजवळ बसवायचा, उष्णता वाढली की भोंगा वाजवायचा. डब्यात उष्णता मोजणारी एक चीप होती, आणि तिला चालवणारा कर्नलचा तुकडा मिलिंद सांभाळायचा. पहिला डबा जालन्याच्याच एका कारखान्यात बसला. भोंगा चालू-बंद करायला एक छोटा कीबोर्ड होता, त्यावर 'on' किंवा 'off' टाइप करायचं. शब्द वाचायला मिलिंदनं शिस्तीप्रमाणं घरातलाच, म्हणजे कर्नलमधला तयार हेल्पर वापरला होता.

काही दिवसांनी आम्ही बघायला गेलो. तिथले ऑपरेटर हमीदभाई, रुंद छातीचे, मेंदीनं रंगवलेल्या दाढीचे. ते फार खुशीत होते.

"साहेब, तुमच्या डब्ब्याला मराठी समजते!"

"काय सांगता?"

"हे बघा." भोंगा चालू होता. हमीदभाईंनी एका बोटानं 'nako' टाइप केलं. भोंगा बंद.

मी बघतच राहिलो. हमीदभाई म्हणाले, "पर अर्धीच समजते. 'ho' लिहिलं का ऐकत न्हाई. बिलकुल न्हाई."

मिलिंद हसता हसता खालीच बसला. झालं असं होतं की तो हेल्पर सगळा शब्द वाचतच नाही. पहिलं अक्षर किंवा फार तर पहिली दोन अक्षरं बघतो. इंग्रजीत नकार 'एन'नं सुरू होतो, म्हणून 'एन' दिसला की बंद. आता आपला 'नको'ही एननंच सुरू होतो, 'नाही' आणि 'न्हाई'सुद्धा. म्हणजे जगभरातल्या यंत्रांना मराठीतला नकार कळतो, होकार कळत नाही.

"तालुक्याच्या हापिसासारखं झालं," मिलिंद म्हणाला. "न्हाई लगेच, अन् हो कव्हाच न्हाई."

चहा पिताना मात्र तो म्हणाला, "उत्त्या, उद्या कुणी 'नको बंद करू' असं लिहिलं तर?"

मला तेव्हा ते लक्षात आलं. 'बंद करू नको' असं सांगायला माणूस घाईत 'नको'पासूनच सुरुवात करील, आणि यंत्र पहिलं अक्षर वाचून भोंगा बंद करून टाकील. भट्टीपाशी माणसं उभी असताना.

आणखी एक गंमत होती. थोडा वेळ कुणी हात लावला नाही की पडदा झोपायचा. त्याला जागं करायला हमीदभाई कीबोर्डवरची सगळ्यात मोठी पट्टी, म्हणजे स्पेसबार, दाबायचे. त्यामुळं प्रत्येक हुकमाच्या आधी एक मोकळी जागा यायची आणि हेल्पर पहिल्याच पावलाला अडखळायचा. "दोन दोन बार लिहावं लागतं," हमीदभाईंची तक्रार होती.

म्हणून मिलिंदनं स्वतःचं फंक्शन लिहिलं. जो मला 'आधी घरात बघ' म्हणायचा, त्यानंच. मी चिडवलं तर म्हणाला, "घरात बघितलं ना. मापात बसंना." त्याचं फंक्शन पुढची मोकळी जागा सोडून द्यायचं, मागची शेपटी सोडून द्यायचं आणि मधला शब्द पूर्ण वाचायचं. 'on' म्हणजे चालू, 'off' म्हणजे बंद, बाकी काहीही लिहिलं तर सरळ नकार. पहिल्या मसुद्यात तर त्यानं 'chalu' आणि 'band' हे शब्दही घातले होते. त्याच्या वरच्या देखरेख करणाऱ्यानं विचारलं, हे काय आहे? मिलिंदनं जालना, भट्टी, हमीदभाई, सगळं लिहून कळवलं. त्यावर उत्तर आलं की कारण पटलं, पण एक भाषा आत घेतली तर सगळ्याच घ्याव्या लागतील. मिलिंदनं ते दोन शब्द काढले. "बराबर हाय त्याचं," एवढंच म्हणाला. पण त्या दिवशी तो नेहमीपेक्षा कमी जेवला. मी ताटाच्या या बाजूनं बघत होतो, मला माहीत आहे.

फंक्शन कर्नलमध्ये गेलं. ही बातमी भोकरदनला मीच सांगितली. मिलिंद स्वतः सांगणारा नव्हता. त्याच्या बाबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे ह्यानं लिहिलेलं समद्या दुनियेत चालू राह्यलं?"

"हो बाबा. ती चीप जिथं जिथं आहे तिथं."

"तुझं नाव बी हाय का तिथं, त्याच्यापाशी?"

"नाही, ते एकट्या त्याचं."

बाबांना ते आवडलं नाही. "एका ताटात जेवून राह्यले, अन् नाव एकट्याचंच?"

मिलिंद म्हणाला, "बाबा, पुढच्या टायमाला टाकतो ह्याचं. आता गप ऱ्हावा."

पुढची वेळ आली नाही. मिलिंदला रक्ताचा आजार निघाला. संभाजीनगरच्या दवाखान्यात आठवड्यामागून आठवडे गेले. मी जायचो, बसायचो. आम्ही कॉलेजच्या मेसबद्दल बोललो, हमीदभाईंच्या दाढीबद्दल बोललो, डॉक्टरांच्या अक्षराबद्दल बोललो. त्या फंक्शनबद्दल एकदाही बोललो नाही. बोललो असतो तर पुढं मला सोपं गेलं असतं. पण समोर माणूस असताना त्याच्यामागं काय करायचं हे कोण विचारणार? मी तरी विचारू शकलो नाही.

तो गेल्यावर त्या तुकड्याची देखरेख माझ्याकडं आली. फार काम नसायचं. पण भोकरदनला गेलो की घरात पाय ठेवताच बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. भिंतीवर भगवान बुद्धांच्या तसबिरीशेजारी मिलिंदचा फोटो, त्याखाली बाबा खुर्ची टाकून बसलेले.

"मिलिंदचं चालू हाय ना?"

जसं कुणी विहिरीवरच्या मोटारीचं विचारावं.

"चालू आहे, बाबा."

मग ते मान हलवायचे आणि मिलिंदची माय चहा ठेवायची. इतकी वर्षं हे असंच चाललं. कितीतरी वेळा मी चांगल्या बातम्या घेऊन गेलो असेन, पण त्यांना हवी असलेली बातमी ही एवढीच होती.

यंदा उन्हाळ्यात एक पॅच आला. पाठवणारा माणूस दूरदेशीचा, माझ्या ओळखीचा नाही. मजकूर सभ्य आणि थोडका होता: या तुकड्यात शब्द वाचण्यासाठी वेगळं फंक्शन लिहिलेलं आहे. हे आपल्याकडे आधीच आहे. वेगळं काढून नेहमीचा हेल्पर वापरावा.

तीच ओळ. आता ती मला 'आपल्याकडे' अशीच वाचता येत होती, हीच अडचण होती.

काम बरोबर होतं. कर्नलमध्ये एकाच कामाची दहा फंक्शनं असली तर एकातली चूक दुरुस्त होते आणि उरलेल्या नऊंत राहते. मी स्वतः कितीतरी नवख्या पोरांची फंक्शनं असंच सांगून काढायला लावली आहेत. पण या खेपेला मी नकाराचं कारण शोधत बसलो. एक सापडलंही. आमच्याकडं एक मोठा नियम आहे: वापरणाऱ्याचं चालू असलेलं काम मोडायचं नाही. मिलिंदचं फंक्शन पुढची मोकळी जागा सोडून देतं, हेल्पर सोडत नाही. म्हणजे हमीदभाई अजून ती मोठी पट्टी दाबत असतील, तर हा पॅच त्यांचं काम मोडणार होता. एवढं लिहिलं असतं तरी पॅच परत गेला असता.

पण ते खरं आहे की नाही, हे बघायला हवं होतं. आमची कंपनी मधल्या काळात बंद पडली होती आणि ते डबे दुसऱ्या कुणीच घेतलेले नव्हते. उरला जालन्याचा तो एक कारखाना. मी जालन्याला गेलो. हमीदभाई आता फाटकाजवळ खुर्चीवर बसून आल्यागेल्याची नोंद करतात. दाढीची मेंदी गेली होती, पांढरी दाढी तेवढी उरली होती. त्यांनी मला ओळखलं.

"ते दुसरे साहेब कुठं हायेत? हसून हसून खाली बसल्ते ते?"

मी सांगितलं. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. कानाला हात लावला.

मग मी विचारलं, "हमीदभाई, तो डबा आहे का अजून?"

"डब्बा? न्हाई साहेब. नवी मशीन आली, पडद्याला बोट लावलं का काम होतं. जुना डब्बा भंगारात काढला."

"भंगार कुठं गेलं?"

ते जरा अवघडून हसले. "इथं भंगार कुठं जाणार साहेब? भट्टीत गेल्ता."

ज्या भट्टीवर नजर ठेवायला तो केला होता, त्याच भट्टीत. त्याची सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये गेली असेल. म्हणजे ती मोकळी जागा दाबणारं किंवा त्या भोंग्याला 'नको' लिहिणारं आता जगात कुणी नव्हतं. नकाराचं कारण संपलं.

मी घरी येऊन पॅच पुन्हा एकदा ओळीओळीनं तपासला, खाली माझं नाव घालून मंजूर केला आणि वर पाठवून दिला. मिलिंदच्या ओळी निघाल्या. त्या जागी एक ओळ आली. आता त्या चीपला 'नको' पुन्हा कळायला लागलं.

त्यानंतर भोकरदनला जायला मी टाळाटाळ करत होतो. शेवटी गेलो. बाबा खुर्चीतच होते.

"मिलिंदचं चालू हाय ना?"

'हो' म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. मी खाली सतरंजीवर बसलो आणि म्हणालो, "नाही बाबा. काढलं."

"कोणी काढलं?"

"बाहेरदेशीच्या एका माणसानं. पण मी हो म्हणल्यावर निघालं. माझ्याशिवाय निघालं नसतं."

बाबा माझ्याकडं बघत राहिले. "मंग तू नको म्हणायचं व्हतं."

आत मायच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. मी माझ्या परीनं सांगायला लागलो. म्हणालो, "बाबा, तुम्हीच सांगता ना, तुमच्या लहानपणी हर गावची पायली वेगळी होती. या गावची भरून वाहती, त्या गावची कमी. मग सगळीकडं एकच माप आलं आणि गावोगावच्या पायल्या गेल्या. तसं आहे हे. सगळ्यांनी एकाच मापानं मोजायचं, म्हणजे कुणाचं नुकसान होत नाही."

बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांचा माल मोजला होता.

"पायल्या गेल्या ते बराबर झालं," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "पर ह्याचं माप खोटं न्हवतं ना?"

"नाही बाबा. एकदम बराबर होतं. सगळा शब्द वाचायचं ते. नवं आहे ते एवढं वाचत नाही."

"मंग काढलं ते टाकलं कुठं?"

"टाकत नाहीत आमच्यात. जुनं सगळं मागे तसंच ठेवलेलं असतं. कुणी लिहिलं, कुणी काढलं, कुणी हो म्हणलं, सगळ्यांच्या नावानिशी. कुणालाही बघता येतं."

"हो म्हणणाऱ्याचं बी?"

"हो."

"म्हंजे तुझं नाव आलं का त्याच्यापाशी?"

मी मान हलवली. बाबांनी वळून फोटोकडं पाहिलं. त्यांचं तोंड मला दिसलं नाही.

"पुसताना आलं," ते म्हणाले. "पर आलं."

मग ते आत बघून म्हणाले, "ताट कर त्याला. उपाशी दिसून राह्यला."

मायनं ताट आणून समोर ठेवलं. खोलीवरचंच होतं ते, मोठं. तिनं भाकरी वाढली, वरण वाढलं, आणि शेजारी बसली. मी जेवायला लागलो. बरंच जेवून झाल्यावर लक्षात आलं, माझ्याकडची बाजू पुसून निघाली होती आणि पलीकडच्या अर्ध्या ताटातलं वरण होतं तसंच होतं.

"ते बी खाय रे," माय म्हणाली. "आता तिकडून कोणी न्हाई येणार."